आईची बोली न कळलेला रिमोट

नवीन वस्तूचं खोकं मी कधीच घाईत फोडत नाही. आधी हात धुतो. मग चिकटपट्टीला कटरनं अलगद चीर देतो, झाकण उचलतो आणि आतली वस्तू बाहेर काढायच्या आधी थोडा वेळ नुसता बघत बसतो. माझी बायको या प्रकाराला पूजा म्हणते. तिचं चुकत नाही. न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात मी कागदपत्रांचं काम करतो. बंद कंटेनरचे नंबर जुळवायचे, सील शाबूत आहे का बघायचं आणि आत काय आहे ते फक्त कागदावर वाचायचं. घरी मात्र खोकं माझं असतं आणि उघडणाराही मीच.

त्या वर्षी एकाच महिन्यात घरात दोन वस्तू आल्या. एक नवा गेमिंग कन्सोल आणि दुसरा टीव्हीला लावायचा स्ट्रीमिंग बॉक्स. कन्सोलबद्दल मी तासन्‌तास बोलू शकेन. गेममध्ये धनुष्य ताणलं की कंट्रोलरचं बटण बोटाला खरोखर उलटं ढकलतं. गाडी खडीवर गेली की तळहातात खडी थरथरते. जुन्या मशीनवर गेम सुरू होईस्तोवर माझा चहा पिऊन व्हायचा, यावर पातेलं गॅसवर चढवेपर्यंत सुरू. पण मी जास्त हरखलो होतो त्या स्ट्रीमिंग बॉक्सवर. साबणाच्या वडीएवढा जीव. छपरावरची थाळी नको, केबलवाल्याला फोन नको. रिमोटवर माइकचं बटण. ते दाबून बोलायचं, हवं ते पडद्यावर येतं. मराठी समजतं असंही खोक्यावर छापलेलं होतं.

अशा वस्तूंवर मी व्हिडिओ करायचो. माझं छोटंसं चॅनल होतं. बघणारे म्हणजे यार्डातले सहकारी आणि थोडे अनोळखी लोक. वस्तूची नुसती तारीफ केली की कुणी बघत नाही, तिची फजिती दाखवली की बघतात, एवढं मला कळून चुकलं होतं.

आई आमच्याकडेच राहते. वडील बोटीवर होते. ते गेल्यावर मी तिला गावातून उरणच्या फ्लॅटवर आणलं, पण बाजारात बसायचं तिनं सोडलं नाही. सुके बोंबील, जवळा, सोडे अशी सुकी मासळी घेऊन सकाळी जाते, दुपारी येते. तिची बोली किनाऱ्यावरची. ‘मला’ला ती ‘मना’ म्हणते, पाण्याला पानी, मासळीला मासली, इकडेला इकरं. मी तिच्याशी शाळेतल्या मराठीत बोलतो, ती माझ्याशी तिच्या. त्यानं आमचं कधी काही अडलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

बॉक्स लावला त्या रविवारी दुपारी मी आईला रिमोट दिला. “बटण दाबून धर आणि काय हवं ते सांग.”

“काय पन सांगू?”

“काय पण.”

तिनं पदर सारखा केला, रिमोट तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, “मना धवला दाव.”

धवला म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला वेगळी, आणि ती म्हणणारी बाई, धवलारीण, लग्नात भटजीइतक्याच मानाची. माझ्या आईची आई धवलारीण होती. आईला घरबसल्या जगातलं काहीही मागता येत होतं, आणि तिनं ते मागितलं.

पडद्यावर भिंतीला पांढरा रंग कसा द्यावा याचे व्हिडिओ आले.

मला हसू फुटलं. मी फोन काढला. “आई, परत एकदा बोल.”

ती परत बोलली. या वेळी कपड्यांच्या साबणाची जाहिरात आली. तिसऱ्या वेळी कुणी धवल नावाचा मुलगा ट्रकचा टायर बदलत होता. आई सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगत राहिली. “ध-व-ला. लगनाचा. अरे, लगनाचा धवला लाव ना, बाबा.” बॉक्सला ती बाबा म्हणाली, तेव्हा तर हसून हसून माझा हात हलायला लागला.

मध्येच तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि तीही हसली. तो हसरा चेहरा मला अजून दिसतो. तिला वाटत होतं, आई नवीन मशीन चालवायला शिकली याचं कौतुक म्हणून लेक व्हिडिओ काढतोय. तिला तसं वाटतंय हे मला त्याच वेळी कळलं होतं. कळूनही मी म्हणालो, “मस्त! आणखी एकदा.”

व्हिडिओ टाकताना मी मध्येमध्ये हशाचे आवाज भरले आणि वर लिहिलं, ‘आमच्या आईनं स्मार्ट टीव्हीला घाम फोडला.’ बायकोनं तो बघितला. तिचं माहेर तळा तालुक्यातलं, तिच्याही घरी कुणी पुस्तकातलं बोलत नाही. ती हसली नाही.

“आईंना विचारलंत?”

“अगं, फजिती मशीनची आहे. लोक प्रेमानंच हसतायत.”

“मग तो हशा आई बोलताना का वाजतोय? रंगाची जाहिरात येते तेव्हा वाजायला हवा ना?”

मी म्हणालो, तुला एडिटिंगमधलं कळत नाही.

माझ्या कुठल्याच व्हिडिओला नव्हते एवढे बघणारे त्याला मिळाले. यार्डाच्या गेटवर वॉचमननं मला पास परत देताना “मना धवला दाव” म्हटलं. कॅन्टीनमध्ये तर तो रोजचा खेळ झाला. मीही हसायचो. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटत होता.

आठवडाभरानं आई बाजारातून लवकर आली. टोपलीत निम्म्याहून जास्त माल तसाच होता. “बरं नाही वाटत,” म्हणून आत जाऊन पडली. त्यानंतर दोनेक दिवसांत मला काहीतरी खटकायला लागलं, पण काय ते लक्षात येईना. जेवताना ती म्हणाली, “मला थोडं पाणी दे.” मी तांब्या पुढे केला. हात अर्ध्यावर असतानाच माझ्या लक्षात आलं. मला. थोडं. पाणी. प्रत्येक शब्द ती उचलायच्या आधी तपासून घेत होती, नदीत दगडावरून पाय टाकत जावं तशी. ‘ण’ म्हणताना तिची जीभ अडखळत होती. शिवाय फोनवर मावशीशी बोलतानासुद्धा आवाज बारीक, दार लोटलेलं.

बायकोनं बाजारात चौकशी केली तेव्हा कळलं. कॉलेजच्या चारपाच मुली आईसमोर येऊन फोन धरून उभ्या राहिल्या होत्या. “मावशी, ते बोला ना, मना धवला दाव!” आईला काही उमगेना. तेव्हा त्यांनी तिला व्हिडिओ दाखवला. आईनं तो शेवटपर्यंत पाहिला. परत लावायला सांगितला आणि परत पाहिला. मग टोपलीवर फडकं टाकून उठली.

हे कळलं त्या दुपारी ती गॅलरीत जवळा निवडत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, तोंडातून दुसरंच निघालं.

“आई, तू अशी का बोलतेस?”

“कशी?”

“अशी. पुस्तकातल्यासारखी.”

तिनं मान वर केली नाही. जवळ्यातला एक खडा काढून बाजूला ठेवला. “मशीनला कळतं, तसं बोलते.”

“मी तो व्हिडिओ काढून टाकला, आई. चुकलं माझं. मी गंमत म्हणून...”

“तू शाळेत होतास,” ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचे शब्द परत तिचे झाले, “पाचवीत. बाईंनी मना बोलावलीवती. दारान तू मना काय म्हनलास? आये, आत तू काय बोलू नको, मी बोलतंय. मी नाय बोलली. तासभर बसली, बाई इचारत व्हती, मी नुसती मान हलवत व्हती. घरी येऊन तुझ्या बापासला सांगितला, पोर लाजतंय माज्यानं. तो म्हनला, ल्हान हाय, मोठा झाला का कलंल त्याला.”

एवढं बोलून ती पुन्हा जवळा निवडायला लागली.

पाचवीतली ती दुपार मी पार विसरून गेलो होतो. तिनं सांगितल्यावर सगळी आठवली. बाकावर बसलेली आई, तिच्या हातातली कापडी पिशवी, आणि बाईंनी काही विचारलं की तिच्याऐवजी घाईघाईनं उत्तर देणारा मी. त्या वर्गात मी ‘मासली’ म्हटलं म्हणून मुलं हसली होती, आणि तेव्हापासून मी घरातसुद्धा जीभ बदलली होती. माझं ते समजण्यासारखं होतं, मी लहान होतो. आता चाळिशीला आलेल्या माणसाला काय सबब आहे?

चॅनलवरून व्हिडिओ गेला होता, पण तोवर तो कुणाकुणाच्या फोनमध्ये, कुठल्या कुठल्या ग्रुपवर पोचला होता. तो परत मागवायची सोय कुठल्याच कंपनीनं दिलेली नाही. ज्यांना सांगता आलं त्यांना सांगितलं. एकदोघांनी उलट विचारलं, “अरे, एवढं काय त्यात?”

पुढच्या रविवारी आई नेहमीसारखी बाजारात जायला निघाली. मी तिची टोपली उचलली आणि बरोबर गेलो. ती नको म्हणत होती. तिच्या शेजारी एक म्हातारी कोळीण बसते, ओले बोंबील विकते. आम्ही टेकतो न टेकतो तोच एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, “काय मावशी, लागला का धवला?”

आई उत्तर द्यायच्या आधी ती कोळीण ओरडली, “चल, पुरं जा! घ्याचा तं घे, नाय तं जा.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बघलास? कोन मेल्यानं तुज्या आयशीचा फोटू काढून गावभर दावला. आमी काय तो बघला नाय, नुसता आयकला; रोज इचारतंव, कोन व्हता, घरी कसा आला. ही सांगत नाय. बोलते, टीवी बसवाला आलावता त्यानं काढला.”

मी आईकडे पाहिलं. ती बोंबलांच्या जुड्या मांडत होती, सावकाश, एकीवर एक.

तिनं माझं नाव सांगितलं नव्हतं. रोज विचारत होत्या, आणि रोज ती एका नसलेल्या माणसावर ते ढकलत होती.

“मावशी,” मी म्हणालो, “तो मीच. मीच काढला आणि मीच टाकला.”

कोळणीच्या हातातला कोयता थांबला. पलीकडच्या दोघी वळून बघायला लागल्या. कुणीतरी मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. कुणीच दिल्या नाहीत. म्हातारी एवढंच म्हणाली, “तू?” आणि तिनं नजर काढून घेतली. पुढचा तासभर बायका माझ्याकडे पाठ करून विकत होत्या. मी सुट्टे पैसे देत होतो, पिशव्या धरत होतो.

घरी येताना रिक्षात आई चिडून म्हणाली, “कशाला सांगतलास?”

“खोटं किती दिवस बोलणार होतीस?”

“तुला बरा वाटला आसंल सांगून,” ती म्हणाली. “आता त्या मना काय म्हनतील? परक्यानं केला तवा माजी बाजू घेत व्हत्या. आता माजी कीव करतील.”

  कबूल केल्यानं माझं ओझं हलकं होईल असं मी धरून चाललो होतो. मी ते फक्त तिच्या टोपलीत टाकलं होतं.

चॅनल मी बंद केलं. नव्या वस्तूंचं वेड मात्र गेलं नाही, ते गेलं असं सांगितलं तर खोटं होईल. बॉक्स अजून टीव्हीखाली आहे. आई तो बटणांनी चालवते. वर, खाली, उजवीकडे, सगळं तिनं सुनेकडून शिकून घेतलं. माइकचं बटण ती दाबत नाही. बाजारातल्या बायका महिन्या दोन महिन्यांत माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या.

मागच्या मे महिन्यात मावशीच्या नातीची हळद होती. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना धवला गुणगुणत होती, आणि मी दारात उभा राहून ऐकत होतो. तिच्या आईकडचा धवला, कुठल्याही मशीनवर न सापडणारा. तो जपून ठेवावा असं फार वाटलं, पण विचारायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात खिशात फोन थरथरला म्हणून माझा हात खिशाकडे गेला. आई ओळीच्या मध्येच थांबली. मी फोन न घेता हात बाहेर काढला, रिकामा हात तिला दिसेल असा धरला. तिनं भाकरी उलटली. पुढची ओळ काही आली नाही.