मावशी आणि बिनब्रेकची बोट

माझी मोठी मावशी सव्वीस वर्षं शहरातली बस चालवत होती. पहाटेची पहिली फेरी कुणालाच नको असायची, ती हिने मागून घेतली होती. रस्ते मोकळे मिळतात, एवढंच कारण सांगायची. त्या फेरीला तीन बायका ठरलेल्या: इस्पितळातली सिस्टर, शाळेतली ग्रंथपाल आणि गणवेशांच्या कारखान्यात शिवणारी टेलरबाई. चालकाशी बोलू नये अशी पाटी समोरच होती, त्यामुळे तिघी मावशीच्या पाठीकडे बघून गप्पा मारायच्या आणि मावशी आरशातून हसायची. त्यातूनच चौघींची घट्ट मैत्री झाली.

निवृत्त झाल्यावर मावशीचं घरात मन रमेना. काका स्वयंपाकात तरबेज, ते ओट्यापाशी तिला फिरकू देत नसत. तिची घालमेल बघून सिस्टरने एका आडवळणाच्या तलावावर आठवडाभरासाठी हाउसबोट ठरवून टाकली. मावशीने एकच अट घातली. चालवणारं दुसरं कुणीतरी असेल आणि ती स्वतः खिडकीत बसेल.

डांबरी रस्ता संपला, फोन मुके झाले, आणि धक्क्यावर पोचल्यावर कळलं की बोटीबरोबर चालक येतच नाही. सिस्टरने पत्रक अर्धंच वाचलं होतं. बोटीचा मालक मोजकं बोलणारा म्हातारा. चालवणार कोण, असं त्याने विचारलं आणि तीन बोटं एकदमच मावशीकडे वळली.

चाळीस फूट लांब बोट. आत चार बिछाने, शेगडी, एक टेबल आणि पुढे काचेमागे सुकाणू. मावशीला ते ओळखीचं वाटलं आणि तिथेच ती फसली. एक फेरी मारून धक्क्याकडे येताना तिचा उजवा पाय जोरात फळीवर आपटला, बोट मात्र आपल्या चालीने पुढे जाऊन धक्क्यावरच्या जुन्या टायरांवर आदळली. आत कप फुटले.

"पाय कशाला आपटताय? खाली काही नाही," मालक म्हणाला. "हिला ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर खूप आधीच इंजिन उलटं टाकायचं. आणि वारा कुठून येतोय ते सतत बघायचं, कारण अर्धी बोट तोच चालवतो."

मावशी कान धरून म्हणाली, की पुन्हा एकदा दाखवा. मग तिने सात वेळा बोट बाहेर काढली आणि सात वेळा आणली. मैत्रिणी धक्क्यावर बॅगांवर बसून पाव खात बघत होत्या. आठव्या वेळी बोट टायरांना हलकेच टेकली. मालकाने दोर सोडला.

पहिले दोन दिवस झकास गेले. ग्रंथपाल रोज सकाळी पोहायची. टेलरबाईला पोहता येत नव्हतं, ती चहासुद्धा जीवरक्षक जॅकेट घालून प्यायची. टेबलाशी समोरासमोर बसल्यावर सिस्टरला नवाच शोध लागला, की मावशी तिच्यापेक्षा जास्त बोलते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोट एका खडकाळ कोपऱ्यात बांधली होती. जेवणं आटोपत होती, तेवढ्यात वारा सुटला. तलावाचं पाणी काळपट झालं, लाटा बोटीला थपडा मारू लागल्या, आणि काठावर ठोकलेली एक मेख उपटून आली. बोटीची मागची बाजू खडकांकडे वळू लागली.

मावशीने इंजिन सुरू केलं. ग्रंथपालला दुसरा दोर सोडायला सांगितलं. सिस्टरला वाटलं, ही आता जवळच्याच दुसऱ्या काठाला बोट लावेल. पण बोटीचं तोंड वळलं ते थेट तलावाच्या मधोमध.

"अगं, काठ इथे हाताशी आहे आणि तू कुठे निघालीस?" सिस्टर म्हणाली.

"काठ हाताशी आहे, हीच तर भीती आहे," मावशी म्हणाली. "मध्ये आपटायला काही नाही. तू डावीकडे बघ, दोर सोडून आली की ती उजवीकडे बघेल. खडक दिसला तर सांगा, बाकी काही सांगू नका."

टेलरबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. मावशीने तिला शेजारी बसवलं आणि एक काम दिलं. बाहेरच्या दांड्याला बांधलेलं फडकं कुठल्या बाजूला उडतंय ते सांगत राहायचं. कापडाचं काम म्हटल्यावर टेलरबाई सावरली. ती वाऱ्याची दिशा सांगे, मावशी बोटीचं तोंड बरोबर वाऱ्याकडे धरे, आणि इंजिन इतकंच चाले की बोट पुढेही जाऊ नये, मागेही येऊ नये. असं दोन तास चाललं. मावशीच्या खांद्यांत गोळे आले, पण मला सांगताना ती म्हणाली, की पहिल्या दहा मिनिटांतच तिला कळलं होतं, हे आपल्याला जमतंय. त्यानंतर भीती अशी वाटलीच नाही.

ऊन उतरायच्या आत वारा पडला. चौघींनी मधल्या मोकळ्या पाण्यातच बोट ठेवून चहा केला. टेलरबाईने पहिल्यांदा जॅकेट काढून दोन कप चहा घेतला.

आठवडा संपवून परतल्यावर मालकाने वाऱ्याच्या दिवशी काय केलंत, असं विचारलं. मावशीने सांगितलं. तो बोटीभोवती फिरला, कुठे ओरखडा दिसतो का ते वाकून पाहिलं. मग म्हणाला, की लोक घाबरून काठाकडे पळतात आणि बोट फोडून घेतात. त्याचे गुडघे आता साथ देत नाहीत, तर उन्हाळ्यात नवीन माणसांना पहिला धडा द्यायला ती येईल का? घरी विचारून सांगते, असं मावशी म्हणाली, आणि चार पावलं जाऊन मागे वळली.

"विचारायचं काय त्यात? येते मी."

घरी ही बातमी सांगितल्यावर काकांनी फक्त बोटीतल्या शेगडीला बर्नर किती, एवढं विचारलं. आता ही चौथी उन्हाळी खेप. गेल्या महिन्यात एक नवरा-बायको सुकाणू कुणी धरायचं यावरून धक्क्यावरच भांडू लागले. मावशीने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग आधी बायकोला बसवलं.