अपडेट चालू आहे, साइटला हात लावू नका!

माझं काम फोन करायचं. कोथरूडमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आम्ही दुकानदारांना ऑनलाइन दुकान थाटून देतो. म्हणजे सॉफ्टवेअर बसवायचं, आणि मग दर महिन्याला त्याचा नवा अपडेट चढवायचा, नाहीतर कोणीतरी कुठूनतरी आत शिरतं. मालक मंदार, प्रोग्रामर गौरव, आणि मी. इथे येण्याआधी सव्वीस वर्षं मी एका शाळेच्या कार्यालयात होते. मंदार त्याच शाळेतला विद्यार्थी. "ताई, तुम्ही पालक सांभाळलेत, तुम्हाला क्लायंट म्हणजे काहीच नाही," असं म्हणून त्यानं मला इथे आणून बसवलं.

अपडेटच्या आधी मी प्रत्येक दुकानदाराला फोन करून सांगते, "अपडेट चालू आहे, साइटला हात लावू नका." मग रजिस्टरात नोंद. कोणाला केला, किती वाजता केला, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. पहिल्या वर्षी हा रकाना दोन बोटं रुंद होता. हल्ली मी समोरचं अख्खं पान शेऱ्यासाठी मोकळं सोडते. तेही पुरत नाही!

*

मालतीवहिनींचा मसाल्याचा घरगुती धंदा. गोडा, कांदा-लसूण, मेतकूट. त्यांचं दुकान आम्ही बसवलं तेव्हाची गोष्ट. नवीन सॉफ्टवेअर बसवलं की त्यात नमुन्याच्या दोन-चार वस्तू आधीच मांडलेल्या असतात. शर्ट, गॉगल, टोपी. दुकान कसं दिसेल ते कळावं म्हणून. मग त्या काढून टाकायच्या. गौरवनं शर्ट काढला, गॉगल काढला, आणि तेवढ्यात कोणाचातरी फोन आला.

चौथ्या दिवशी नगरहून ऑर्डर. तीन टोप्या!

मी घाईघाईनं वहिनींना फोन केला. "वहिनी, चूक आमची आहे. त्या माणसाला नाही म्हणून कळवते."

"छे! नाही कसं म्हणणार? आपण दुकानात मांडली म्हटल्यावर द्यायला नको?"

वहिनी तुळशीबागेत गेल्या, तीन टोप्या आणल्या, मसाल्याच्याच खोक्यात घालून नगरला पाठवल्या. आठ दिवसांनी साइटवर त्या गृहस्थांचा अभिप्राय आला. पाच तारे. खाली लिहिलं होतं, "टोपी उत्तम. वासही छान आहे. अजून दोन पाठवा."

*

येरवड्याच्या एका बाई गोधड्या शिवून विकतात. मालाच्या प्रवासाचे मेसेज गिऱ्हाइकाला आपोआप जातात. ते इंग्रजीतून मराठी करायचं काम मंदारनं हौसेनं स्वतःकडे घेतलं.

पहिल्याच आठवड्यात साताऱ्याहून एका आजोबांचा फोन. आवाज दबलेला. "अहो, मला मेसेज आलाय. 'आपले पार्सल येरवड्यातून सुटले आहे.' आमचं कोणी आत नव्हतं हो!"

*

जोगबाई शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. मुलांसाठी शुद्धलेखनाच्या पुस्तिका काढतात आणि साइटवर विकतात. त्यांच्याशी फोनवर बोलायला गौरव घाबरतो. गौरव यवतमाळचा. हुशार पोरगा, पण एकदा तो त्यांना म्हणाला, "मॅडम, तुमची साइट जरा स्लो होऊन राहिली."

"होऊन राहिली म्हणजे? होते आहे, की होऊन तशीच राहिली आहे?"

"नाही म्हणजे... मी बघून राहिलो ना."

"बघा. आणि बघून झालं की राहू नका, कळवा."

एकदा अपडेटच्या आधी मी त्यांना सांगितलं, "बाई, बॅकअप घेतलेला बरा असतो. म्हणजे सगळ्या मजकुराची एक प्रत वेगळी ठेवायची. आम्ही ठेवतोच, पण तुमच्याकडेही एक असू द्या." दोन दिवसांनी बाई स्वतः जिना चढून आल्या. हातात स्पायरल बाइंडिंग केलेला जाडजूड गठ्ठा. साइटचं एकूण एक पान छापून आणलं होतं!

"हा घ्या बॅकअप. दुसरी प्रत घरी आहे."

गौरव आतल्या खोलीत जाऊन हसला. हसून झाल्यावर त्यानं अपडेट सुरू केला. तो अर्ध्यात अडकला आणि सर्व्हरवरचा बाईंचा सगळा मजकूर गेला. आमचा बॅकअप होता, नाही असं नाही. पण तो त्याच सर्व्हरवर होता. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवावी आणि दार ओढून घ्यावं, तसं झालं. मूळ गेलं त्याच्याबरोबर प्रतही गेली.

गौरव पांढराफटक पडला. त्या पुस्तिकांवर बाईंचं पाच वर्षांचं काम होतं. एकेका पुस्तिकेची ओळख, नमुन्याचे धडे, सगळं साइटवर. मी तो गठ्ठा काढला, तीन भाग केले, आणि आम्ही तिघं टाइप करायला बसलो. तीन दिवस दुसरं काही केलं नाही. तेव्हा लक्षात आलं, की बाईंनी छापलेल्या पानांवर लाल शाईनं आमच्या जुन्या चुकाही दुरुस्त करून ठेवल्या होत्या.

चौथ्या दिवशी बाईंना फोन करून मी सगळं खरं सांगितलं. मजकूर गेला होता, तुमच्याच कागदांवरून परत चढवला, चूक आमची. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेलं हे काम.

"पान सत्तेचाळीस," बाई म्हणाल्या. "'पुस्तिका'मधली दुसरी वेलांटी पहिली करायला सांगितली होती. ती अजून दुसरीच आहे. बाकी ठीक."

त्या दिवसापासून आमचे बॅकअप तीन वेगवेगळ्या ठिकाणी जातात. गौरवनं स्वतःच्या टेबलावर एक स्पायरलचा रिकामा गठ्ठाही ठेवलाय. का, ते तो सांगत नाही.

*

सोपानराव हडपसरच्या पुढच्या एका गावचे. ते गाव आता पुण्यात आलंय, पण सोपानराव अजून गावातच आहेत. शर्यतीच्या बैलांचं साहित्य विकतात. झुली, घुंगरमाळा, शिंगांचे गोंडे. धंदा जोरात. पण अपडेटचं नाव काढलं की वाद.

"ताई, त्यानं हुतं काय?"

"साइट सुरक्षित होते."

"दिसायला काय बदलतं?"

"काहीच नाही."

"काय बी दिसत न्हाय, तर करायचं कशाला? आमची साइट झ्याक चाललीय, उगा बोट घालू नका!"

असं करता करता त्यांनी आठ महिने अपडेट करू दिला नाही. मग एका सकाळी गौरव ओरडला, "ताई, सोपानरावांची साइट गेली ना जी!" बघते तर काय, बैलांच्या झुलींच्या मधोमध सगळी जपानी अक्षरं. कोणीतरी आत शिरून कसल्यातरी बुटांच्या जाहिराती लावून ठेवल्या होत्या. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे उघडं दारच!

मी धसक्यानंच फोन लावला. "सोपानराव, वाईट बातमी आहे. तुमच्या साइटवर जपानी..."

"बघितलं का तुमी बी?" सोपानरावांचा आवाज आनंदानं फुटत होता. "ताई, आपला धंदा जपानला पोचला!"

मी फोन ठेवून दिला. मंदार म्हणाला, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आम्ही तिघं स्कूटरवरून... म्हणजे दोन स्कूटरवरून, पोलिसांनी हे वाचू नये, त्यांच्या गावी गेलो. वेशीवर पोचलो आणि मंदारनं करकचून ब्रेक लावला. रस्त्यावर आडवा, दोन खांबांना बांधलेला, दहा फुटी फ्लेक्स. काळा गॉगल घातलेले सोपानराव, एका बाजूला खिलार बैल, दुसऱ्या बाजूला बर्फाचा डोंगर. वर लिहिलेलं, 'गावचं नाव जपानात गाजलं! हार्दिक अभिनंदन!' आणि खाली शुभेच्छुकांचे बावीस फोटो.

चहा घेता घेता मंदारनं त्यांना सगळं समजावलं. चोर कसा आला, कुठून आला, अपडेट असता तर का आला नसता. सोपानराव ऐकत गेले. चेहरा उतरला. बशीतला चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "म्हंजे जपानवाल्यांना बैलांचं काय बी पडलेलं न्हाय?"

"नाही हो."

"बरं. काय तो अपडेट हाय तो करा. दर महिन्याला करा. आता मी मधी पडणार न्हाय." मग आजूबाजूला बघून त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "पण ताई, ते जपानी तेवढं पंधरा दिवस ऱ्हाऊ द्या. फ्लेक्स उतरला की काढू!"

*

चित्राताई लाकडी पाळणे विकतात. त्यांच्या साइटला मोठा अपडेट होता, म्हणून शहाण्यासारखं वागायचं ठरलं. आधी दुकानाची हुबेहूब नक्कल करायची, तिच्यावर अपडेट करून बघायचा, सगळं नीट झालं की मग खऱ्या दुकानाला हात. गौरवनं नक्कल केली. इतकी हुबेहूब केली, की खऱ्या गिऱ्हाइकांचे खरे फोन नंबरही तिच्यात आले. मेसेज जातात का ते बघायला त्यानं एक बटण दाबलं.

मेसेज गेले. ज्यांनी आजवर कधीही पाळणा घेतला होता, त्या सगळ्यांना गेले. "अभिनंदन! आपला पाळणा निघाला आहे. दोन दिवसांत घरी पोचेल."

पाच मिनिटांत माझा फोन वाजायला लागला. पहिले एक गृहस्थ. नातवासाठी पाळणा घेतला होता त्यांनी, तीन वर्षांपूर्वी. "मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. मेसेज आधी आमच्या हिनं वाचला. आता तुम्हीच तिच्याशी बोला." बोलले. त्यांच्या हिला पटलं की नाही, माहीत नाही.

तासाभरानं एक आजी. "सून काही बोलत नव्हती, म्हटलं लाजत असेल. सोसायटीत पेढे वाटले हो मी! आता परत मागू का?"

दुपारपर्यंत मी सगळ्यांना तेच वाक्य ऐकवत होते. तांत्रिक चूक, क्षमस्व, पाळणा येणार नाही. घसा बसला. शेवटी एका मुलीचा फोन आला. एकदम हळू आवाज, बाथरूममधून बोलत असावी.

"पाळण्याचा मेसेज आलाय..."

"हो, ती तांत्रिक..."

"ते राहू द्या. आधी मला सांगा, तुम्हाला कसं कळलं? मी अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही!"

*

आणि हे शनिवार पेठेतले दोघं भाऊ. थोरले दत्ताकाका, धाकटे विनूकाका. शाईच्या पेनांचं वडिलांच्या वेळचं दुकान. सकाळी दत्ताकाका बसतात, दुपारनंतर विनूकाका. मध्ये अर्धा तास दुकान बंद, कारण एकानं उतरायचं आणि दुसऱ्यानं चढायचं, पण पायरीवर गाठ पडता कामा नये. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं ऑनलाइन दुकान बसवलं तेव्हा मंदारनं विचारलं, "पासवर्ड कोणाकडे राहील?"

"माझ्याकडे," दोघं एकदम म्हणाले.

मंदारला कुठे गप्प बसावं ते कळत नाही. तो म्हणाला, "मग अर्धा-अर्धा घ्या!"

त्यांनी घेतला! सोळा अक्षरांचा पासवर्ड, पहिली आठ दत्ताकाकांची, पुढची आठ विनूकाकांची. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, अपडेटच्या वेळी, दोघं आमच्या ऑफिसात. वेगवेगळ्या रिक्षांनी. दत्ताकाका खुर्चीत बसून आठ अक्षरं टाइप करणार, तोवर विनूकाका खिडकीतून बाहेर बघणार. मग खुर्ची बदलायची, आणि दत्ताकाका खिडकीशी. बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"ताई, यांना सांगा, माझं झालं."

"ताई, त्यांना म्हणावं, दिसतंय."

तीन वर्षं असंच चाललं. जोगबाई सोडल्या तर दुसरा कोणताही क्लायंट पत्ता सांगूनही ऑफिसात येत नाही, हे दोघं एक मंगळवार चुकले नाहीत. पावसात आले. विनूकाकांचा पाय मुरगळला होता तेव्हा काठी टेकत जिना चढले. दत्ताकाका वरून बघत होते. मला म्हणाले, "ताई, यांना सांगा, कठडा डाव्या हाताला आहे."

यंदा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. गौरव खुश. त्यानं दोघांना समोर बसवून सांगितलं, "काका, आता टेन्शनच नाही. दोघांना आपापला वेगळा पासवर्ड. आणि अपडेट इथूनच परस्पर होऊन जाईल. तुम्हाला यायचं कामच नाही!"

खाली दवाखान्यात ड्रिल चालू होतं.

मग दत्ताकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ताई, यांना विचारा, यांना चालणार आहे का ते."

विनूकाका खिडकीकडे बघत म्हणाले, "त्यांना सांगा, सुरक्षिततेच्या दृष्टीनं आहे तेच बरं."

"ताई, मंदारला विचारा," दत्ताकाका म्हणाले, "महिन्यातून एकदा अपडेट पुरतो का?"

मंदार माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बोलायच्या आधी विचार केला असावा. "तसं... आठवड्याला केलेला जास्त सुरक्षित, काका."

आता दोघं दर मंगळवारी येतात. अपडेट करण्यासारखं बहुतेक वेळा काही नसतंच. गौरव स्क्रीनवर एक हिरवी रेघ सरकवत ठेवतो. दोघं शेजारी खुर्च्या घेऊन ती रेघ शेवटपर्यंत बघतात. परवा ती नव्वदच्या पुढे गेली तेव्हा दत्ताकाका मला म्हणाले, "ताई, त्या पोराला सांगा, घाई करू नको."

"हो," विनूकाका म्हणाले. "सावकाश होऊ दे."