बाईंचे आभार

आमच्या मंडळात व्याख्यान संपलं तरी श्रोते उठत नसत. इतर ठिकाणी 'आता आभारप्रदर्शन' एवढे शब्द कानावर पडले की माणसं पायानं चपला चाचपायला लागतात. नारायण पेठेतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात मात्र लोक त्याच वेळी सरसावून बसत आणि जिन्यात सिगरेट ओढायला गेलेले आत येऊन भिंतीला टेकून उभे राहत. कारण आभार बाई मानायच्या. वक्ता तासभर बोललेला असायचा. बाई चार वाक्यांत त्याला सोलून, धुऊन, पुसून त्याच्या हातात परत द्यायच्या. पुष्कळ वक्त्यांना ते घरी पोचल्यावर कळायचं.

बाई मंडळाच्या कार्यवाह होत्या. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, किडकिडीत, चष्म्यावरून बघणाऱ्या. यजमान लवकर गेले होते. घरी एक मुलगी, शरयू. मी अकोल्याकडचा, हडपसरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायला आलेलो. संध्याकाळी खोलीवर करमत नसे म्हणून बस पकडून व्याख्यानांना येऊ लागलो आणि कधीतरी खुर्च्या लावता लावता कार्यकारिणीवर गेलो. पहिल्याच बैठकीत मी म्हणालो, "मी निमंत्रणाचं काम करून राहिलो." बाई म्हणाल्या, "अहो वानखडे, राहा की. पण आधी करा."

माझं मंडळातलं पहिलं भाषण वऱ्हाडातल्या जुन्या बाजारपेठांवर होतं. महिनाभर खपलो होतो. टाळ्याही बऱ्या पडल्या. मग बाई उठल्या. "वानखडे यांनी आज जे सांगितलं ते आपल्याला माहीत होतं. मात्र ते त्यांनाही माहीत आहे, हे आपल्याला माहीत नव्हतं. त्याबद्दल त्यांचे आभार." सभागृह हसून लोळलं. मी बसनं परत जाताना ठरवलं की या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवून बोलावलं, दोन जाडजूड ग्रंथ माझ्या पुढ्यात आदळले आणि म्हणाल्या, "हे वाचा. मग पुन्हा बोलवीन." पुढच्या वर्षी खरंच बोलावलं. त्या वेळी आभारात त्या फक्त "वानखडे यांनी वाचलेलं दिसतं" एवढंच म्हणाल्या आणि मला तो सत्कारच वाटला.

त्यांचा धाक होता तसा त्यांचा चटकाही होता, आणि तो चटका बसावा म्हणून लोक मुद्दाम येत, हेही खरं. श्रोत्यांपैकी कुणी प्रश्न म्हणून भाषण सुरू केलं की बाई मध्येच विचारायच्या, "यातलं प्रश्नचिन्ह कुठे आहे?" पुढे मोबाइल आले. सभागृहात पहिल्यांदा एकाचा वाजला तेव्हा वक्त्याला हातानं थांबवून बाई म्हणाल्या, "घ्या, घ्या. तिकडचं भाषण कदाचित बरं असेल." फोनवाल्यापेक्षा वक्ताच जास्त लाल झाला.

त्याच सुमारास मंडळाची गर्दी ओसरायला लागली. शहर पसरत होतं, संध्याकाळी पेठेत येणं लोकांना जड जात होतं. हडपसरकडची शेतं विकून बांधकामात शिरलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीनं बाईंना भेटायला आले. वडिलांच्या नावानं व्याख्यानमाला सुरू करायची त्यांची इच्छा होती. "बाई, जागा हाय, पैसा हाय. तुमी निस्तं सांगा," असं ते हात जोडून म्हणाले. बाईंनी विचारलं, "श्रोते आहेत का?" त्या भल्या माणसानं ते मनावर घेतलं आणि पुढच्या व्याख्यानाला आपल्या ऑफिसातले सगळे लोक गाडीत घालून पाठवले. दिवसभर साइटवर राबलेली माणसं ती, पंख्याखाली बसल्या बसल्या झोपली. "मंडळाच्या इतिहासात प्रथमच श्रोत्यांचं एकमत झालं," असं म्हणून बाईंनी आभार मानले. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मला त्यांच्यापुढे फार ओशाळल्यासारखं झालं आणि बाईंचा रागही आला. तसं मी बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "मी वक्त्याला बोलले, त्यांना नव्हे." पण गेलेला माणूस हे ऐकायला परत येत नाही, एवढं त्यांना कळत नव्हतं किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

शरयू कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. त्या काळी पुण्यातल्या प्रत्येक घरातून एक जण अमेरिकेला जात होता आणि परत आल्यावर त्यावर पुस्तक लिहीत होता. मंडळात अशा प्रकाशनांची रांग लागलेली. "अमेरिकेला जाऊन आल्यावर ज्यानं काही लिहिलं नाही, त्याचा आपण एकदा सत्कार करू," असं बाई बैठकीत म्हणायच्या आणि आम्ही हसायचो. शरयूला कंपनीनं दोन वर्षं तिकडे पाठवलं. आली ती हस्तलिखित घेऊनच.

प्रकाशकानं कार्यक्रमासाठी मंडळाकडेच अर्ज केला. आम्हाला वाटलं, बाई त्या दिवशी आजारी पडतील किंवा आभाराचं काम दुसऱ्या कुणाला देतील. मी तसं सुचवलं तर म्हणाल्या, "का? तिच्या पुस्तकाला वेगळा नियम कशाला?" शरयू मला जिन्यात भेटली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "बाकी कुणी काही म्हणो," ती म्हणाली, "आई वाचेल ना, एवढंच बघायचंय मला. शेवटचं प्रकरण तिच्यावर आहे." मी ते प्रकरण वाचलं होतं. रविवारच्या फोनची वाट बघणारी, मुलीचा आवाज ऐकून गहिवरणारी एक आई त्यात होती. बाईंशी तिचा काही संबंध नव्हता, पण ते प्रेमानं लिहिलेलं होतं. इतकं की वाचताना अवघडल्यासारखं व्हावं.

कार्यक्रमाला जिन्यापर्यंत गर्दी होती. पुस्तकासाठी कुणी आलं नव्हतं. बाई उठल्या. "पुस्तक न वाचता चाळीस मिनिटं बोलता येतं, हे प्रमुख पाहुण्यांनी सिद्ध केलं. त्यांचे आभार. ध्वनिवर्धकवाल्यांचे आभार; त्यांनी आपलं काम वाचून नव्हे, पण ऐकून तरी केलं. आता लेखिकेचे आभार मानायची पद्धत आहे. पण लेखिका घरची आहे आणि घरच्यांचे आभार मानत नाहीत. त्यामुळे माझी सुटका झाली." टाळ्या, हशा. व्यासपीठावर शरयूही हसत होती. हसू तोंडावर तसंच ठेवून ती सह्या करायला बसली आणि शेवटची सही होईपर्यंत ते तसंच होतं.

गर्दी पांगल्यावर मी बाईंना स्पष्ट विचारलं, "तुम्ही पुस्तक वाचलंय का?"

"निम्मं. मग ठेवून दिलं."

"शेवटचं प्रकरण तरी वाचा."

"अहो वानखडे, ज्या पुस्तकाचं मधलं वाचवत नाही त्याच्या शेवटाला मी जात नाही. तिथे लेखक रडायला बसलेला असतो."

त्या न वाचताच बरोबर बोलल्या होत्या. प्रकरण तुमच्यावर आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "पुस्तकात काय आहे हे मला कुणी सांगायचं नाही. असेल तर ते पुस्तकच सांगतं." आणि त्या दिवे बंद करायला गेल्या. नंतरही मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी मला पुढच्या महिन्याच्या वक्त्याकडे वळवलं.

शरयू काही महिन्यांत कायमची अमेरिकेला गेली. रविवारी फोन यायचा. तो कसा चालतो हे मी एकदा बाईंकडे बसलो असताना ऐकलं. तिकडून हवा, इकडून हवा, तिकडून तब्येत, इकडून "बरी आहे". फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "हिची क्रियापदं इंग्रजी व्हायला लागली आहेत." पुस्तकाचा विषय दोघींपैकी कुणी कधी काढला नाही. ते पुस्तक बाईंच्या कपाटात होतं. मधे खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट बाहेर डोकावत होतं.

बाई एका पावसाळ्यात हृदयविकारानं गेल्या, घरात एकट्या असताना. शरयूला विमान मिळून ती पोचेपर्यंत सगळं आम्हीच उरकलं होतं. शोकसभा अर्थातच मंडळात झाली. ज्यांना ज्यांना बाईंनी सोललं होतं ते सगळे बोलले, आणि आपापला ओरखडा बिल्ल्यासारखा मिरवत बोलले. मला किळस आली. शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झालं आणि आमचे वयोवृद्ध अध्यक्ष इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "आता आभारप्रदर्शन—" शोकसभेत आभार मानत नाहीत, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अध्यक्षांच्याही लगेच लक्षात आलं. पण तोवर सगळं सभागृह सवयीनंच पुन्हा खाली बसलं होतं. कुणाला उठावं कसं ते सुचेना. मग मागच्या रांगेतून एक खुर्ची वाजली आणि लोक न बोलता निघून गेले.

शरयू तेवढी राहिली. तिनं घरातली आवराआवर अजून सुरू केली नव्हती. कपाटही तिनं उघडलेलं नव्हतं. पुस्तकातलं ते खुणेचं तिकीट मी आदल्याच दिवशी, घर झाडून घेताना, काढून खिशात टाकलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वानखडे, आईनं माझं पुस्तक वाचलं होतं का? पूर्ण?"

पुस्तकाबद्दल खोटं बोलायचं नाही, हे मी बाईंकडूनच शिकलो होतो. शिवाय आवडलं होतं म्हणालो असतो, तर तिनं ते तिथल्या तिथे ओळखलं असतं. मुलगी कुणाची होती.

"वाचलं होतं," मी म्हणालो. "शेवटच्या प्रकरणावर फार चिडल्या होत्या."

"शेवटच्या?" तिनं खुर्चीची पाठ धरली. "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, ही कुठली आई लिहिली आहे हिनं? एवढी गोड बाई घरात असती, तर मी माहेरी निघून गेले असते."

शरयू त्याच खुर्चीवर बसली आणि तोंडावर पदर दाबून हसायला लागली. हसता हसता हुंदके सुरू झाले, तरी तिचं हसणं थांबेना. "म्हणजे तिथपर्यंत वाचलं," ती म्हणाली. "परत सांगा ना. तिनं कसं म्हटलं?"

मी परत सांगितलं. या वेळी बाईंच्या आवाजात.