शेपटाच्या मागे कोण होतं?

आधीच सांगते, मी पत्रिका न बघता लग्न केलेली बाई आहे. अमावस्येला दुकानाचं उद्घाटन केलं होतं, तेव्हा सासूबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या. जळगावात माझं चष्म्याचं दुकान आहे. कुणी म्हणालं की अमुक ठिकाणी काहीतरी दिसलं... तर मी म्हणते, आधी या, नंबर तपासून घ्या. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचून सोडून दिले. आज माझाच लिहायला बसलेय, आणि भीती वाटते म्हणून नाही. लाज वाटते म्हणून.

आमचा रविवारचा सायकलींचा ग्रुप आहे. दाणा बाजारात दुकान असलेले पारसभाऊ त्याचे प्रमुख. आमचा आवडता रस्ता म्हणजे ममुराबाद, विदगाव, तापीचा पूल, डांभुर्णी, किनगाव आणि तिथून आत सातपुड्याच्या पायथ्याला मनुदेवीचं देऊळ. जाताना दोन्हीकडे केळीच्या बागा, नंतर डोंगर जवळ येतो आणि शेवटी चढ. उन्हाळ्यात अंधार असतानाच निघायचं आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं.

ग्रुपचा एकच कडक नियम आहे. दर रविवारी एकजण 'शेपूट' होतो. त्याने नारिंगी जाकीट घालायचं आणि सगळ्यात शेवटी राहायचं. पुढचा कितीही हळू चालवू दे, शेपटाने त्याला ओलांडायचं नाही. परतताना तापीच्या पुलापासून ज्याला जसं जमेल तसं लोक घरी जातात, म्हणून शेवटचा माणूस विदगावला पोचला की शेपटाने ग्रुपवर टाकायचं — 'सगळे आले.' ते वाचलं की बाकीचे निवांत अंघोळीला जातात.

गेल्या एप्रिलमधल्या त्या रविवारी शेपूट मी होते.

शेवटचा माणूस म्हणजे असोद्याचे नाना. वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, साठी उलटलेली, शुगर असलेले. मुलाने गिअरची सायकल घेऊन दिली तेव्हापासून येतात. स्वभाव एकदम मोकळा. माझ्या मागच्या चाकाला सवय आहे, पायडल थांबवलं की टिर्रर्र असा मोठा आवाज येतो. नाना मला म्हणायचे, "पोरी, तुह्या सायकलीत रातकिडा बसेल हाये का?"

आता माझं पाप. डांभुर्णी ते तापीचा पूल या टप्प्यावर, सायकलीचा वेग नोंदवणाऱ्या ॲपमध्ये, बायकांत सगळ्यात जोरात मी होते. दोन वर्षं! आदल्या आठवड्यात भुसावळच्या एका कॉलेजच्या मुलीने मला मागे टाकलं. तसं बघायला गेलं तर काय मोठंसं? ना बक्षीस, ना काही. पण मी चाळिशी ओलांडलेली, आणि ते मला असं झोंबलं होतं की आठवडाभर नवऱ्याशी धड बोलले नाही. त्या दिवशी परतताना वारा नेमका पाठीवर आला. असा वारा तिकडे क्वचित मिळतो... आणि मी नानांच्या मागे, बैलगाडीच्या वेगाने.

डांभुर्णीच्या पुढे नाना एका लिंबाखाली थांबले. बाटली तोंडाला लावताना त्यांचा हात थरथरत होता. घाम नुसता उन्हाचा नव्हता. हे मी पाहिलं. माझ्या खिशात राजगिऱ्याची चिक्की होती, ती द्यायचं सुचलंसुद्धा. पण ती दिली असती तर बसावं लागलं असतं, बोलावं लागलं असतं, आणि वारा काय माझ्यासाठी थांबणार होता?

मी म्हणाले, "नाना, तुम्ही या हळूहळू. मी पुढे जाऊन पाणी बघते."

ते म्हणाले, "बरं."

पाणीबिणी काही नाही. मी जी सुटले ती पुलापर्यंत मान वर केली नाही. रेकॉर्ड परत मिळवलं, तेही सांगून टाकते. विदगावला थोडी थांबले. नाना दिसेनात. ऊन चढत होतं. म्हटलं येतील, म्हातारा चिवट आहे. आणि ग्रुपवर टाकलं — 'सगळे आले.' खाली अंगठ्यांची रांग लागली. घरी आले, जाकीट धुवून गॅलरीत टाकलं, जेवले आणि झोपले.

झोपेतून उठवलं ते फोनने. नाव वाचलं, 'असोदा नाना', आणि बोलत होती कुणी बाई. मनाशी म्हटलं, संपलं. आता काय सांगायचं लोकांना?

नानांची सून होती ती. म्हणाली, "ताई, तुम्ही चहालासुद्धा थांबल्या नाहीत. मी गेटातून एवढी हाका मारत होते."

"कोण? मी?"

"नानांना सोडायला आल्या ना तुम्ही वळणापर्यंत. नुसता हात केला आणि वळल्या. नारिंगी जाकीट लांबून दिसत होतं. नाना सांगतात, त्यांची शुगर पार उतरली होती, तुम्ही नसत्या तर रस्त्यातच पडले असते. खरंच ताई, कोणत्या तोंडाने आभार मानू?"

कोणत्या तोंडाने, असं ती मला विचारत होती. गॅलरीत जाकीट वाळत होतं. मी म्हणाले, "अहो, त्यात काय." हे तीन शब्द माझ्या तोंडून गेले आणि मग परतीचा रस्ताच राहिला नाही.

पुढच्या रविवारी पारसभाऊंनी सगळ्यांसमोर शाल-नारळ दिला. "शेपूट असावं तर असं," म्हणाले. नाना सगळ्यांना रंगवून सांगत होते. लिंबापासून मागे रातकिडा वाजत होता, पोरगी सारखी बोलत होती, गायीचं नाव विचार, नातवाची शाळा विचार... डोळ्यापुढे अंधारी आली तर म्हणाली, नाना, खिशात गुळाचा खडा असेल बघा. आणि होता. सकाळी देवीला दाखवून तसाच राहिलेला, ते विसरून गेले होते. "काय गोड बोलते हो ही!"

माझा नवरा शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की काही विचारूच नका. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला गोड बोलणारी असं कुणी म्हटलेलं नाही. मी शाल घेतली. घेतली, आणि हसून फोटोही काढू दिला.

मग डोकं चालवायला लागले. ओळखीच्या डॉक्टरांना आडून विचारलं. म्हणाले, शुगर उतरली की माणूस भ्रमतो, काहीही ऐकू येतं. चला, नानांचं मिटलं. पण सुनेची शुगर कुठे उतरली होती? ग्रुपमध्ये जाकीट एकच, आणि ते माझ्या घरी. त्या रस्त्यावर सायकल चालवणारी दुसरी बाई मी आजवर पाहिलेली नाही. भुसावळच्या त्या मुलीलाही मेसेज करून विचारलं, ती त्या दिवशी बहिणीच्या साखरपुड्याला होती. ॲप तर स्पष्ट दाखवत होतं, मी कुठे होते ते. ती राईड मी पुसून टाकली. रेकॉर्ड गेलं त्या मुलीकडे, आणि वाईटसुद्धा वाटलं नाही.

दिवाळीनंतर नव्या वांग्यांचं भरीत झालं तेव्हा नानांनी जेवायला बोलावलं. असोद्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पातीचा कांदा. सून आग्रह करकरून वाढत होती, आणि मी भाकरी नुसती कुस्करत होते. ती आत गेली तेव्हा बोलून टाकलं.

"नाना, ती मी नव्हते. मी तुम्हाला लिंबाखाली सोडून पुढे गेले. पाणी बघायला नाही गेले. खोटं बोलले मी."

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं, खाल्लं. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग म्हणाले, "मले माहीत हाये. तू जाताना पाह्यलं ना म्या. पुलाकडे पार ठिपका होईलोक पाह्यलं."

नानांचा चष्मा माझ्याच दुकानातला आहे. त्यांना लांबचं स्वच्छ दिसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

"मग... मागे कोण होतं?"

"काय माहीत बाप्पा. तू पुढे दिसू राह्यली व्हती अन् रातकिडा मागं वाजू राह्यला व्हता. एकडाव वळून पाह्यलं, तं तूच. पुन्हा नाही पाह्यलं. म्हटलं, आहे ते राहू द्या."

"अहो पण मग सगळ्यांसमोर माझं नाव कशाला घेतलंत?"

"तोंड तुहंच व्हतं. दुसऱ्या कोनाचं नाव घेऊ?" ते म्हणाले. आणि आतल्या दाराकडे बघत आवाज उतरवून, "अन् तू सोडून गेली असं सांगतलं असतं, तं तू परत आली असती का रविवारी?"

मला रडू आलं. तेवढ्यात सून बाहेर आली, म्हणाली, भरीत तिखट झालं का ताई? मी म्हटलं, हो, जरा झालंय.

मला आजही उत्तर सापडलेलं नाही. नानांनी पुढे मला पाहिलं आणि मागेही मला पाहिलं, आणि सुनेने मला वळणावर पाहिलं, आणि मी घरी झोपले होते. वाचकांपैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर सांगा, फक्त नंबर तपासून घे म्हणू नका.

नारिंगी जाकीट आता कायमचं माझ्याकडे आहे. पारसभाऊंना सांगितलं, पाळी लावू नका, शेपूट मीच. त्यांना तो माझा मोठेपणा वाटतो. नाना पुढे आरामात चालवत असतात, मागे वळून बघत नाहीत. किनगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला की मी पायडल थांबवते आणि माझं चाक वाजतं. कधीकधी मी परत पायडल मारायला लागले तरी तो आवाज थोडा वेळ मागे चालू राहतो. वळून बघावंसं वाटतं. पण ती समोर आली तर तिच्या नजरेला नजर कशी देऊ, म्हणून मीही बघत नाही.