रांगेतले शेवटचे काका

काका रांगेत कधीच कुणाच्या पुढे चालले नाहीत. बोळिंजच्या आमच्या सोसायटीतले आम्ही नऊ जण दर रविवारी डोंगरात जायचो, आणि त्यातली नववी जागा काकांची. तिथे दुसरं कुणी रेंगाळलं तर ते बुटाची नाडी बांधत बसायचे, पाणी प्यायचे, आकाशाकडे बघायचे. पण तो माणूस पुढे सरकेपर्यंत पाऊल उचलायचे नाहीत. सोसायटीच्या पूजेला प्रसादाच्या रांगेतही ते शेवटीच उभे असत. पोरांनी त्यांचं नाव 'शेवटचे काका' ठेवलं आणि पुढे आम्ही बापेही तेच म्हणायला लागलो.

"पुढचा वाट बघतो, मागचा माणसं बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोजणी खात्यात उभी हयात गेलेली. तालुक्यातला प्रत्येक बांध आणि प्रत्येक टेकाड तरुणपणी साखळ्या ओढत पायाखाली घातलेलं. वय बहात्तर, अंगाने काडी. असा माणूस पाठीशी आहे म्हटल्यावर आमच्यासारखे खुर्चीत बसून रुंदावलेले लोक निर्धास्त असायचे. त्यातही सगळ्यात निर्धास्त मी. कारण आठवी जागा माझी. ती मी मागून घेतली नव्हती; माझ्या वजनाने ती मला मिळवून दिली होती.

चढ लागला की माझा असा भाता चालायचा की झाडावरची पाखरं उठायची. काका मला 'इंजिन' म्हणत. मी लाजून तोंड मिटून श्वास घ्यायला लागलो की लगेच मागून आवाज यायचा, "इंजिन, आवाज का बंद झाला? धापा टाक रे बिनधास्त. डोंगरात लाजायचं नसतं." मी धन्य व्हायचो. घरात जिना चढून आलो तरी बायको म्हणते, "आधी ते फुसफुसणं थांबवा." आणि इथे एक वडीलधारा माणूस माझ्या धापांचं कौतुक करतोय!

रविवार चुकवायचा नाही, हा काकांचा दुसरा नियम. पावसाळ्यात तुंगारेश्वरचे ओढे, उन्हाळ्यात चांदीपच्या बाजूच्या रानात पहाटेची छोटी फेरी, आणि थंडीत कामणदुर्ग. "डोंगराकडे बारमाही हजेरी लागते. रजेचा अर्ज मी मंजूर करत नाही," ते म्हणत. आमच्याकडची थंडी ती काय! पण बायको मला कानटोपी, मफलर आणि स्वेटर चढवून पाठवायची. मी हिमालयाला निघाल्यासारखा निघायचो आणि पहिल्याच चढावर एकेक कपडा काढत वर जायचो. गवत पिवळं पडलेलं, वाटेवर पाचोळा इतका की पाय ठेवला की कुरकुर. काकांना हा मोसम सगळ्यात आवडायचा. "थंडीत रान बोलतं," ते म्हणायचे.

विसाव्याच्या प्रत्येक दगडावर हजेरी व्हायची. काका डोकी मोजायचे नाहीत. प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. एक, दोन, तीन करत माझ्यापर्यंत यायचं, मी धापांमधून "आठ" काढायचो, मग ते शांतपणे "नऊ" म्हणायचे. नंतर खिशातून औषधाची छोटी बाटली काढून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकायचे. "धूळ फार," म्हणायचे. मला काही शंका आली नाही. एका वाढदिवसाला त्यांनी मला गुडघ्यापर्यंतचे भडक नारिंगी मोजे दिले. "विजार आत खोच. गोचीड चढत नाही." दर रविवारी गाडीत बसताना ते आधी माझ्या पायांकडे बघायचे. मला शंका तेव्हाही आली नाही. शंका न येणं हा माझा जुना गुण आहे.

शिवाय हिवाळाभर काकू माझ्यासाठी सुकेळ्यांचं पुडकं पाठवायच्या. वसईच्या बाजारातली ती वाळवलेली केळी, मऊ, मधासारखी. फक्त माझ्यासाठी. बाकीचे जळायचे. माझ्या तोंडावरच भूक लिहिलेली असते, म्हणून काकूंना माया येत असावी, असा माझा समज.

त्या जानेवारीत आम्ही कामणदुर्गावरून उतरत होतो. पुढचे सात जण लांब गेले होते. माझा गुडघा कुरकुरत होता. धारेवर आलो आणि खिशातला फोन वाजला. मेहुणीचा. तिच्या मुलीचं लग्न, आणि हॉल वसईत घ्यायचा की विरारला, यावर तिला माझं मत हवं होतं. माझं मत कुणी विचारत नाही, त्यामुळे मी ते सविस्तर दिलं. बोलता बोलता वाटेला फाटा कधी फुटला, मी डावीकडे कधी वळलो, मला पत्ता नाही. काका मागे होतेच. चुकलो असतो तर ते ओरडले असते.

पंधरा मिनिटांनी फोन बंद केला तेव्हा गवत कमरेपर्यंत आलं होतं. चार पावलं आणखी टाकली आणि थबकलो. पुढे जमीनच नव्हती. पावसाळ्यात जिथून धबधबा कोसळतो तो कोरडा कडा. खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

आणि काका मागून येऊन माझ्यावर आदळले.

माझा उजवा पाय घसरून कड्याबाहेर गेला. हाताला कारवीच्या काठ्या लागल्या म्हणून मी हे लिहितोय. मागे कोसळून बसलो. धापा टाकायचंही विसरलो.

"काय झालं रे?" काका म्हणाले.

"काय झालं? वाट संपली!"

"संपली म्हणजे?"

"अहो काका, समोर कडा आहे! दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा कड्याकडे नव्हताच. ते माझ्या आवाजाच्या दिशेने, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होते.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "नळीतून बघावं तेवढंच दिसतं. तेही मळकट. तुझे मोजे दिसतात, तुझ्या धापा ऐकू येतात. तेवढ्यावर भागतं."

"कधीपासून?"

"तू यायला लागलास त्याच्या थोडं आधीपासून."

म्हणजे चार वर्षं. ओढे, खडक, निसरड्या उतरणी, सगळं चार वर्षं. मला वाटत होतं, हा माणूस मला सांभाळत मागे चालतोय. आणि तो माझ्या मोज्यांच्या मागे चालत होता! माझ्या, ज्याला सोसायटीत पार्किंगची जागा सापडत नाही!

"मग मघाशी बोललात का नाही? वाट चुकली हे पायाला कळलं असेल ना?"

"कळलं. पाचोळा संपला, गवत लागलं. पण तू फोनवर इतक्या ठामपणे बोलत चालला होतास! म्हटलं, याला माहीत असणार."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार!"

दोघांनी एकमेकांवर असा आंधळा विश्वास टाकला होता आणि त्यातला एकच खरा आंधळा होता. माझ्या सॅकचा पट्टा त्यांच्या हातात देऊन मी त्यांना फाट्यापर्यंत परत आणलं. तेवढ्या वेळात ते एकच वाक्य बोलले, "बाकीच्यांना सांगू नकोस." खाली सगळे शिट्ट्या मारत होते. "इंजिन रुळावरून घसरलं होतं," काकांनी जाहीर केलं. सगळे हसले. मीही हसलो आणि व्हॅनमध्ये जाऊन बसलो.

तीन दिवस मी धड जेवलो नाही. आमच्या घरात ही घटना आजारपणात मोडते. चौथ्या दिवशी काकांच्या दारात उभा राहिलो. काका गॅलरीत होते. मी हळू आवाजात म्हणालो, "काकू, एक सांगायचंय. काकांच्या डोळ्यांबद्दल."

"वाढलंय का रे?" काकू म्हणाल्या. "तुला जास्त कळणार. तू असतोस ना पुढे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"म्हणजे काय? मी पाठवलंच नसतं. पण हे म्हणाले, सुहासला सगळं सांगितलंय, तो माझ्यासाठी मुद्दाम हळू चालतो. म्हटलं, एवढं कोण करतं आजकाल! म्हणून तर सुकेळी..."

"काकू, मी मुद्दाम हळू नाही चालत. मला जोरात चालताच येत नाही. आणि मला रविवारपर्यंत काहीच माहीत नव्हतं."

काकू होत्या तिथेच, चपलांच्या स्टँडवर बसल्या. मग गॅलरीकडे बघत म्हणाल्या, "चार वर्षं? चार वर्षं तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

काका आत आले. भिंतीला बोटं लावत. त्या घरात ते भिंत धरून चालतात, हे मी पहिल्यांदा बघितलं.

"सांगितलं असतं तर दोघांनीही मला बसवलं असतं," ते म्हणाले.

"बसवणारच!" काकू ओरडल्या. "आता एक पाऊल टाकायचं नाही डोंगरात!"

"तुझ्या सांगण्याने नाही थांबत मी." काकांचा आवाज अगदी खाली गेला होता. "परवा याचा पाय बाहेर गेला. माझ्या धक्क्याने. मागच्या माणसाने पुढच्याला कड्यावरून ढकललं, तर तो मागचा माणूस कसला? इंजिन, सगळ्यांना तू सांग. मला नाही जमायचं."

मी सोसायटीच्या गेटपाशी सगळ्यांना सांगितलं. एकाला आठवलं, काकांनी कधी कुणाचा फोटो बघितला नव्हता. दुसरा म्हणाला, "माझ्या पोरीला त्यांनी पावसात ओढा पार करून दिला होता रे," आणि कठड्यावर बसून राहिला.

काका पुन्हा आले नाहीत. मार्चमध्ये त्यांची मुलगी दोघांना पुण्याला घेऊन गेली. गाडीत सामान भरत असताना मी खिडकीपाशी गेलो. माफी मागितली. त्या दिवशी फोन उचलायला नको होता, म्हणालो.

काकांनी हात बाहेर काढून माझा दंड शोधला.

"वेडा आहेस. चार वर्षांत मी एकदाही पडलो नाही, माहितेय का? तू किती वेळा पडलास! जिथे तू पडायचास, तिथे मी पाय ठेवायचो नाही."