मोटारसायकलवरचा मुराळी

दिवाळीला गावी यायचं तर सुरतेहून रेल्वे आहे, पुढं एसटी आहे. पण यंदा मोटारसायकलनंच जायचं असं मी ठरवलं होतं. ही गाडी भंगारवाल्याकडून उचलली तेव्हा चिमणीनं तिच्या दिव्यात घर केलं होतं. मी सुरतेला डिझेल पंपाच्या वर्कशॉपात कामाला आहे. शाळा चौथीत सुटली, पण कुठला नट कुठल्या पान्याला सुटतो ते हाताला कळतं. सुट्टीच्या सुट्टीला बसून इंजिन पार उघडलं, बोअर करून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या आणि टाकीला निळा रंग मारला. पहिल्या किकला ती उडाली तेव्हा वर्कशॉपातल्या पोरांनी मलाच खांद्यावर घेतलं.

एवढी घाई कशाची ते सांगतो. माझी थोरली बहीण, आक्का, ताम्हिणीच्या अलीकडं, मुळशी धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका वाडीत दिलीय. आमच्याकडं लेकीला सणाला माहेरी आणायला घरातलं कुणीतरी जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर बाई आपली आपण उठून येत नाही. आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंबर गेली, त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. मी पडलो लांब. आक्काच्या तीन दिवाळ्या अशा सासरीच गेल्या.

पहाटे सुरत सोडली. सापुताऱ्याचा घाट नव्या इंजिनानं चढवायचा तर थांबत थांबत जावं, पिस्टन तापू देऊ नये. वर थंडी असते, छातीला वर्तमानपत्र बांधून घ्या, स्वेटरापेक्षा बरं. नाशकाला धर्मशाळेत झोपलो. दुसऱ्या दिवशी संगमनेर, नारायणगाव करत दिवे लागायच्या आत पुण्याजवळच्या माणला घरी. वाटेत एकदाही गाडी कुरकुरली नाही. नारायणगावला मिसळ खाल्ली, ती मात्र अजून कुरकुरतेय.

आईनं गाडी उंबऱ्यापुढंच अडवली. "पुजल्याबिगर न्यायची न्हाई." मारुतीच्या देवळातनं तेलात कालवलेला शेंदूर आणला आणि टाकीच्या झाकणावर चांगला जाड थापला. झाकण म्हणजे तिला गाडीचं डोकंच वाटलं. नारळ फुटला, शेजारच्या म्हातारीनं गाडीवरनं मीठमिरची उतरली. मी खूश.

सकाळी निघालो. माणवरनं घोटावड्याला जाणारा रस्ता म्हणजे नुसती खडी. ज्यांना यायचंय त्यांनी पेट्रोल चिंचवडलाच टाकी भरून घ्यावं, पुढं पंपाचा भरवसा नाही. दोन्ही अंगाला भातं पिवळी झालेली, कापणीला बाया वाकलेल्या. पौड यायच्या आतच इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद.

पिस्टन तापून जाम झाला असणार! पण किक मऊ जात होती. प्लग काढून पाहिला, कोरडा, पण ठिणगी चांगली निळी. पेट्रोल आहे का म्हणून टाकीचं झाकण उघडलं, फुस्स झालं. टाकी भरलेली. झाकण लावलं, किक मारली, गाडी चालू! तापली असेल म्हणून हळू घेतली. पौड ओलांडलं तर पुन्हा तेच. पुन्हा प्लग, पुन्हा टाकी बघितली, पुन्हा चालू. मालेच्या अलीकडं तिसऱ्यांदा बंद पडली, आणि या वेळी चढावर. हॉटेलापर्यंत ढकलत नेली.

हॉटेल म्हणजे कूड आणि पत्रा, पण भजी गरम मिळते आणि चहात दूध असतं. बाकड्यावर दोन म्हातारे बसले होते.

"कुनीकडं?"

"बहिणीला आणायला. मुराळी आहे."

"मुराळी व्हय!" एक दुसऱ्याला म्हणाला, "आरं, आपल्या येळला मुराळी बैलगाडीत बसून यायचा. ह्यो गाडीच ढकलत आणतुया."

"त्याला म्हनाव, येताना बहिनीला बी ढकलायला लाव."

मी हसलो, भजी तशीच ठेवून पुन्हा प्लग आणि टाकी बघितली. गाडी चालू झाली, पण भरवसा राहिला नाही. सुरतेपासून इथवर आणलेलं इंजिन मीच जोडलं होतं. दोष निघाला तर तो माझ्याच हाताचा. आणि आक्काला पाठीमागं बसवून ती धरणाच्या काठाला, जिथं तासातासाला माणूस दिसत नाही, तिथं बंद पडली तर?

धरणाची भिंत गेली की रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो. पाणी, डोंगर, पुन्हा पाणी. निवांत बघायला यावं असा मुलूख, पण मी कान इंजिनात घालून चाललो होतो. तरी वळणांवर ती आणखी दोनदा बंद पडलीच. वाडीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शेवटचा उतार तर बंद गाडीनंच उतरलो.

आक्का खळ्यातनं पळत आली. हातातला विळा टाकायचंही भान नव्हतं. "शंकऱ्या, मेल्या, किती वाळलास!" म्हणून पाठीत धपाटा घातला आणि मग रडली. तिची सासू, तिला आम्ही मावशी म्हणतो, दारात उभी राहून गाडीकडं बघत होती.

"ह्याच्यावर बसवून न्हेनार माझ्या सुनंला?"

"व्हय मावशी."

"आत्ता तर आवाज न्हाई आला तिचा. वाडीत आलास त्यो चोरावानी आलास."

दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, हसायला लागले. मावशी हसली नाही. "मुराळी आला, माझी ना न्हाई. पर आडरानात बंद पडली मंजी पोरगी कुटं जाईल? सकाळपातूर गाडी धड कर. न्हाईतर एकलाच जा."

एसटीनं न्यावं तर ती एका दिवसात एकच, आणि सणात तिचाही नेम नाही. उजेड होता तोवर मी अंगणात कार्बोरेटर सोडवून रॉकेलनं धुतला, जेट फुंकले, प्लगचं अंतर नीट केलं. किक मारली, झकास चालू.

"आंगनात समदेच शूर असत्यात," मावशी म्हणाली आणि आत गेली.

सकाळी फराळाचं तळण होतं. दाजींनी तेलाचा नवा डबा आणलेला, खिळ्यानं एक भोक पाडून कढईवर वाकडा केला. तेल गुटूक करून आलं, थांबलं, पुन्हा गुटूक, पुन्हा थांबलं.

"आरं, दुसरं भोक पाड की!" मावशी करवादली. "वारं आत शिरल्याबिगर त्याल भायेर कसं यील? डबा गुदमारलाय."

मी शेव तोंडात तशीच धरून उठलो.

प्रत्येक वेळी प्लग कोरडा होता. प्रत्येक वेळी मी टाकीचं झाकण उघडून बघत होतो, झाकण उघडताना फुस्स आवाज येत होता, आणि मग गाडी चालू होत होती. मी समजत होतो, ती गार झाली म्हणून चालू होते. सुरत ते माण जी एकदाही बंद पडली नाही, तिचं माणमध्ये असं काय बदललं? झाकणाला वारं आत जायला एक बारीक भोक असतं. त्यावर आईनं थापलेला शेंदूर तेलासकट वाळून लाखेसारखा कडक झाला होता. टाकीत वारं जाईना, म्हणून पेट्रोल खाली येईना. आक्काकडनं सुई घेतली, भोक मोकळं केलं आणि अंगणातच एक उडी मारली. इंजिन माझं ठणठणीत होतं!

"झाली धड?" मावशीनं विचारलं.

"झाली."

"मग मला बशीव. जितं बंद पडत व्हती त्याच्या म्होरं न्हेऊन आन. मग सुनंला धाडते."

दाजी म्हणाले, "आये, पडशील."

"तू पडलास तवा म्या सांबाळलं की न्हाई? गप."

नऊवारीचा काष्टा आवळून मावशी टाकीच्या झाकणागत घट्ट मागं बसली. आधी माझा शर्ट मुठीत, मग खांदा. पहिला चढ, दुसरा चढ. इंजिन एका सुरात. काल जिथं बंद पडली होती ती वळणं एकेक करून मागं गेली. पाण्याच्या कडेला मी विचारलं, "फिरू माघारी?"

"आजून जरा फुडं चल."

असं तीनदा झालं. मग तिनं थांबवलं. पाण्याकडं बोट करून म्हणाली, "माझ्या म्हायेरचं जुनं घर तितं, पान्याखाली. धरान झालं तवा म्हायेर कोळवनला गेलं. भाऊ व्हता तवर दर दिवाळीला चालत यायचा न्ह्यायला. त्यो गेला, मग मुराळी कुटनं यायचा? भावजय हाय आजून. दिसत न्हाई म्हनत्यात तिला."

मी गाडी माघारी वळवली. घरी आल्यावर तिनं स्वतः आक्काच्या पिशवीत चकल्या भरल्या.

आक्का माणला आली. भाऊबीजेला मला ओवाळताना तिनं तीनदा निरांजन विझवलं, डोळ्यांतल्या पाण्यानं दिसत नव्हतं. आण्णा गाडीवर नुसते बसून घ्यायचे, चालू न करता. चार दिवस कसे गेले कळलं नाही.

आक्काला परत पोचवायला गेलो तर मावशी ओसरीवर बसलेली, अंगावर घडीचं लुगडं, मांडीवर गाठोडं.

"कुठं निघालात मावशी?"

"तुला काय कळत न्हाई का? गाडी वळीव."

मी कोळवणची वाट धरली. घर शोधावं लागलं नाही, तिलाच ठाऊक होतं. आंधळ्या भावजयीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं, मग म्हणाली, "किती गं उशीर केलास!" आणि दोघी पडवीत जमिनीवरच बसल्या. तेवढ्यात मावशीनं मला हाक मारली, "आठ दिसांनी न्ह्यायला ये."

आठ दिवसांनी मला सुरतेत मशीनवर उभं राहायचं होतं. तसाच वाडीत माघारी गेलो, भात उचललेल्या खाचरात दाजींना संध्याकाळपर्यंत क्लच शिकवला. दोनदा ते बांधावर चढले, एकदा गाडी त्यांच्यावर. मग जमलं. मावशीला आता तुम्हीच आणा म्हणून चावी त्यांच्या हातात दिली, सकाळच्या एसटीनं पुणं गाठलं आणि तिथून रेल्वे धरली.

आता सुरतेत पायी कामाला जातो. मिस्त्री विचारतो, गाडी कुठं हरवलीस? मी सांगतो, मुळशीत कामाला लावलीय, तिथं तिच्यावाचून अडतंय.