आवाज न करणारा कॉम्प्युटर आणि बाबांचा हातोडा

मंडळी, आज आमच्या सोनागिरीच्या घरात हातोडा चालला. चेपलेला डबा अजून समोर पडलाय.

टीव्हीला जोडायला मी स्वतः कॉम्प्युटर बनवला. हट्ट एकच, सिनेमा बघताना त्याची घरघर नको. म्हणून प्रोसेसर कमी तापणारा घेतला, पॉवर सप्लाय बिनपंख्याचा. दुकानदार म्हणाला, "भैया, चल रहा है कि बंद, पता ही नहीं चलेगा." मी खूश!

दुपारी तो चालू करून मी आंघोळीला गेलो. टीव्हीची केबल जोडायची राहिली होती, त्यामुळे पडदा काळाच. बाबांचा जन्म कारखान्यात धडधडणाऱ्या प्रेस मशीनवर गेला. गप्प मशीन म्हणजे अडकलेलं मशीन, आणि ते दणक्यानेच सुटतं, हा त्यांचा हिशोब. आधी बुक्का घातला, मग लाथ, मग हातोडा.

मी ओलाच धावलो आणि त्यांचं मनगट पिरगाळलं. त्यांनी मला भिंतीवर आदळलं. "अरे, मेलंय ते! आवाज कुठाय त्याचा?" त्यांच्या बोटांतून रक्त गळत होतं.

आई कापूस घेऊन आली आणि माझ्यावरच खेकसली, "रिटायर झाल्यापासून कूलर बंद केला तरी हे दचकून उठतात. शांतता कुणी मागितली होती तुझ्याकडे?"

आता कूलर लावलाय. बाबा झोपलेत, मनगटावर माझ्या बोटांचे वळ घेऊन. उद्या दुकानात जाऊन कॉम्प्युटरसाठी सगळ्यात जास्त घरघरणारा पंखा मागणार आहे. तुमच्यापैकी कुणी मागितलाय का हो असा कधी?